येन्साप्पांची म्हाई

दूध उकळूनच प्यावं हे आम्हाला शिकवायला डेन्मार्कहून एक माणूस आला, आणि आल्याच्या पहिल्याच आठवड्यात तो कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर उभा राहून कच्चं दूध पिताना सापडला.

ज्यांनी हा कट्टा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. संध्याकाळी गवळी आपल्या म्हशी रस्त्याच्या कडेला आणून उभ्या करतात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढतात आणि फेसासकट गरम पेला हातात देतात. तालमीतली पोरं, वकील, हमाल असे सगळे तिथं खांद्याला खांदा लावून उभे असतात. त्यांच्यात हा उंच गोरा माणूस पिवळ्या मिशीवर फेसाची दुसरी मिशी घेऊन उभा होता. तो ज्या दूध संघात सल्लागार म्हणून आला होता, त्याच संघाच्या हिशेब विभागात मी नोकरीला होतो. त्या दिवशी सकाळीच त्याचं व्याख्यान ऐकलं होतं. न राहवून विचारलं, "साहेब, कच्च्या दुधात जंतू असतात असं सकाळी तुम्हीच म्हणालात ना?"

"असतात," तो म्हणाला. "पण तिकडं दूध टाकीतून येतं. इथं म्हैस माझ्याकडं बघते."

हे तेव्हा त्यानं इंग्रजीत सांगितलं, आणि दुसरा पेला मागितला.

ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. त्या माणसाविषयी आमच्या पन्हाळगडावर आता पुष्कळ काही सांगितलं जातं. मी हिशेबातला माणूस. जे पाहिलं आणि ऐकलं तेवढंच लिहिणार आहे, आणि जिथं आकडा माहीत नाही तिथं तो देणार नाही.

त्यांचं नाव येन्स. एवढंसं उघडंबोडकं नाव आमच्याकडं चालत नाही. आमच्या भागात माणूस आप्पा असतो, आण्णा असतो, दादा असतो. त्यातलं काहीच नसेल तर तो सरकारी माणूस असतो. येन्स राहायला पन्हाळ्यावर आले, कारण खाली संघ होता त्या वारणाकाठचा उन्हाळा त्यांना सोसेना, आणि गडावरचं धुकं त्यांना घरच्यासारखं वाटलं. माझं बिऱ्हाडही गडावरच होतं, कारण आमच्या सौभाग्यवती तिथल्या शाळेत शिकवायच्या. येन्स ज्या घरात भाड्यानं राहिले ते हौसाक्कांचं; त्या स्वतः कुंपणापलीकडच्या घरात राहायच्या. विधवा बाई, गोठ्यात म्हशी, आवाज गडाच्या एका टोकाला मारलेली हाक दुसऱ्या टोकाला पोचेल असा. त्यांनी पहिल्याच आठवड्यात येन्सचा येन्साप्पा केला, आणि आठवडाभरात सगळ्या गडानं तो मान्य केला.

येन्साप्पांचं मराठी हौसाक्कांच्या गोठ्यात तयार झालं. त्यामुळे पन्नाशीतला हा युरोपियन इंजिनियर म्हशी राखणाऱ्या साठीतल्या बाईसारखा बोलायचा. संघाचा बॉयलर बंद पडला की त्याच्याकडं बघून, "मुडदा बशिवला तुझा, कालच तर साफ केलता की!" असं म्हणायचे. बॉयलर सांभाळणारे कांबळे हे ऐकून पाना खाली ठेवायचे आणि हसून घ्यायचे. गोठ्यातलं मराठी असल्यामुळे 'तुम्ही' हा प्रकार त्यांच्याकडं नव्हताच. म्हैस, चेअरमन आणि कलेक्टर यांना ते सारखंच 'तू' म्हणायचे. कुणी रागावलं नाही. पाहुणा आहे, असं सगळे म्हणाले.

हा 'पाहुणा' शब्दच पुढं त्यांना टोचायला लागला. पण ते नंतर.

आमच्या लोकांना ज्याची लाज वाटायची, तेच नेमकं येन्साप्पांना आवडायचं. एकदा एसटीच्या थांब्यावर संघाच्या जीपची वाट बघत असताना एका म्हाताऱ्यानं त्यांना गाठलं. मी शेजारीच होतो.

"पावणं, कुठलं गाव?"

"डेन्मार्क."

"म्हंजे जर्मनीच्या पल्याड?"

"वरच्या अंगाला."

"लगीन झालंय?"

"झालंतं. बायको मेली."

"अरारा. पोरंबाळं?"

"न्हाईत."

"मग पगार कुणाला धाडता? किती हाय पगार?"

येन्साप्पांनी पगार सांगितला. म्हाताऱ्यानं तो ऐकून जरा विचार केला आणि म्हणाला, "बरा हाय. पर दुसरी करून घ्या. भाकरी कोण करतंय?"

जीपमध्ये बसल्यावर मी त्या म्हाताऱ्याच्या वतीनं दिलगिरी व्यक्त करायला लागलो, तर येन्साप्पांचा चेहरा फुललेला. म्हणाले, "माझ्या गावात शेजारी मेला तेव्हा मला त्याचं नाव कळलं. ते बी दारावरच्या पाटीवरनं. आणि हितं बघ, ह्या माणसाला माझ्या भाकरीची काळजी."

दार न वाजवता घरात येणारी माणसं त्यांना आवडायची. रस्त्यात उभं राहून मोठ्यानं भांडणारे आणि अर्ध्या तासानं एकाच बशीतून चहा पिणारे आवडायचे. हौसाक्का आजारी म्हशीशी रात्रभर बोलत बसायच्या, तेही त्यांना आवडायचं. उलट आम्हाला ज्याचा अभिमान, तिथं त्यांना झोप यायची.

ती झोप पहिल्यांदा लागली भाऊसाहेबांच्या कार्यक्रमात. भाऊसाहेब मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेले आणि गडावरच्या संस्कृती मंडळाचे अध्यक्ष. मंडळ त्यांनीच काढलं होतं, त्यामुळे निवडणुकीचा प्रश्न नव्हता. परदेशी माणूस आपल्यात राहायला आला आणि त्याला आपली संस्कृती दाखवायची जबाबदारी आपल्यावर आली, असं त्यांनी घेतलं. सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, फेटा झाला. मग 'अतिथी देवो भव' या विषयावर भाऊसाहेब बोलायला उभे राहिले, आणि त्यांनी वेदकाळापासून सुरुवात केली. वेदकाळ संपायच्या आत येन्साप्पांची मान फेट्यासकट एका बाजूला कलली. मधेच लाऊडस्पीकर बंद पडला. माईकवाला पोऱ्या धावत आला, "ह्यालो, ह्यालो, मायटेष्टिंग" करू लागला, मागून कुणीतरी "आता तूच बोल की, भाऊसाहेबापेक्षा बरं बोलतोस" म्हणून ओरडलं, आणि सगळं मैदान हसलं. येन्साप्पा तेव्हा जागे झाले आणि त्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. भाऊसाहेबांना वाटलं, वेदकाळाला वाजवल्या.

पण सगळ्यांत जास्त त्यांना आवडायची ती म्हाई.

गावदेवीच्या नावानं वर्षातून एक दिवस घरोघर बकऱ्याचं जेवण करतात, त्याला आमच्याकडं म्हाई म्हणतात. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण. त्या दिवशी घरात किती पानं उठली यावर घराची अब्रू ठरते. दारावरून जाणाऱ्यालाही हाताला धरून आत नेतात. येन्साप्पांना तर एका दुपारी चार-पाच घरी ओढून नेत. प्रत्येक घरी पहिल्या पंगतीत, मधोमध, पाटावर. पोट भरलं म्हटलं तर ऐकून घ्यायचं नाही. पान खाऊन झालं की पुढच्या घरचा माणूस दारात उभा असायचाच.

या दिवसावर त्यांनी आपल्या देशातल्या एका वर्तमानपत्रात लेख लिहिला. छापून आला तेव्हा भाऊसाहेबांच्या ओसरीवर बसून मराठीत त्याचा अर्थ सांगितला. "हितं एक दिवस असा असतो, सगळं गाव एका पंगतीत बसतं. लहान-मोठा, गरीब-श्रीमंत, कुठल्या का देवाचा असेना. आमी शिकलेली माणसं समानतेवर पुस्तकं लिहितो. ही माणसं रस्सा वाढतात." भाऊसाहेबांचे डोळे पाणावले. त्यांनी तो लेख चौकटीत घालून मंडळाच्या कचेरीत लावला. डॅनिश कुणालाच येत नव्हतं, पण येणारा-जाणारा वाचून मान डोलवायचा.

लेखात चूक होती. मुद्दाम केलेली नव्हती. येन्साप्पांनी जे पाहिलं तेच लिहिलं होतं, पण ते नेहमी पहिल्या पंगतीला बसायचे, आणि पहिल्या पंगतीला बसणारा जेवून पान चघळत निघून जातो. त्यानंतर तरुण पोरं बसतात, त्यानंतर बायका, त्यानंतर कुणासाठी काय उरतं आणि ते कुठल्या दारानं बाहेर जातं, हे त्याला दिसण्याचं कारणच नाही. बकरं कापायला सगळ्या गडाला दस्तगीरचाचा मुलाणी लागायचे. त्यांचा वाटा त्यांच्या घरी पोचवला जायचा. चाचांना कुणी त्या पंगतीत पाहिलं नव्हतं. खालच्या वस्तीतले कांबळे आणि त्यांचे भाऊबंद पूर्वी मागच्या दाराशी भांडं घेऊन येत. बौद्ध झाल्यापासून त्यांनी ते बंद केलं, म्हाईही सोडली. ते येईनासे झाले याची गडावर कुणी चौकशी केली नाही. येन्साप्पा कांबळ्यांबरोबर रोज एका जीपमधून जायचे, एका डब्यातलं खायचे, आणि म्हाईत ते कधी दिसत नाहीत हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. एवढ्या गर्दीत कोण आहे ते दिसतं, कोण नाही ते कसं दिसणार?

शेवटच्या वर्षी, करार संपून परत जायला थोडे महिने उरले असताना, येन्साप्पा एका सकाळी जीपमध्ये म्हणाले, "मला म्हाई घालायची हाय."

ड्रायव्हरनं वळून बघितलं. कांबळेही.

"इतकी वर्षं मी सगळ्यांच्यात जेवलो. माझ्यात कुणी जेवलं न्हाई. मी बोलावलं की म्हणतात, पावण्यानं कशाला तरास घ्यायचा. जोपर्यंत माझ्या घरी कुणी जेवत न्हाई, तोपर्यंत मी हितला न्हाई. लॉजवर उतरल्यागत वाटतं."

हे त्यांनी इतक्या सरळ सांगितलं की कुणाला थट्टा सुचली नाही.

हौसाक्कांनी आधी हरकत घेतली ती धार्मिक. "देवीबिगर म्हाई कुठली रं आप्पा? त्याला नुसतं जेवाण म्हणत्यात."

"मग कुणाच्या नावानं घालू?"

"म्हशीच्या नावानं घाल. दुधाचा साहेब न्हवं तू!"

हे त्यांना पटलं. म्हाईनंतरचा रविवार ठरला. येन्साप्पा स्वतः सायकलवरून घरोघर गेले आणि आमंत्रण दिलं: रविवारी दुपारी बारा वाजता, सगळ्यांनी एकदम. वरच्या पेठेत गेले, मुलाणी गल्लीत गेले, खालच्या वस्तीत गेले. सगळीकडं "येतो की" मिळालं. आमच्याकडं 'येतो की' याचे बरेच अर्थ होतात, पण त्यांना तो एकच माहीत होता.

सोमवारपासून गडावर धांदल उडाली. एकदम म्हणजे काय? एकदम म्हणजे कोणाशेजारी कोण? दोन दिवसांनी भाऊसाहेब येन्साप्पांच्या अंगणात आले. येन्साप्पा पत्रावळी कशा मांडायच्या याचा खडूनं आराखडा काढत होते. आराखडा गोल होता.

"येन्साप्पा, पंगत सरळ असते," भाऊसाहेब म्हणाले.

"सरळ पंगतीत टोकाच्या माणसाला बोलता येत न्हाई. गोल बरं."

"पण गोल पंगतीत वाढायला सुरुवात कुठून करायची?"

"कुठनं बी."

भाऊसाहेबांनी घाम पुसला. थंडीचे दिवस होते. मग म्हणाले, "असं करा, पहिली पंगत, दुसरी पंगत, तिसरी पंगत करा. सोयीचं पडतं."

"का? अंगण मोठं हाय."

"अंगण मोठं आहे हो. पण पद्धत..."

"कसली पद्धत? सांग की."

भाऊसाहेब सांगू शकले नाहीत. ज्या गावात अनोळखी माणसाला पगार विचारतात, बायको का मेली विचारतात, त्या गावातल्या एकालाही ही एक गोष्ट त्या आठवड्यात तोंडानं सांगता आली नाही. सगळे यायचे, अंगण बघायचे, गोल बघायचे, हवा कशी आहे ते बोलायचे आणि जायचे.

शेवटी ते सांगितलं कांबळ्यांनी, जीपमध्ये, समोर रस्त्याकडं बघत. "साहेब, तुमी मला कधी म्हाईच्या पंगतीत बघितलंय?"

येन्साप्पा आठवत राहिले. वारणेचा पूल आला आणि गेला.

"आणि दस्तगीरचाचाला? बकरं सगळ्यांचं तोच कापतो."

येन्साप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. ते म्हणाले, "मी पेपरात लिवलं ते खोटं हाय."

"खोटं न्हाई," कांबळे म्हणाले. "तुमाला दाखवलं तेवढं लिवलंसा."

"मग तू रविवारी येनार न्हाईस?"

"साहेब, तुमी जाल आता. आमाला हितंच ऱ्हायचंय." कांबळे म्हणाले, "येतो. देवीच्या नावाचं असतं तर न्हाई आलो असतो. म्हशीच्या नावाचं हाय म्हंतासा, तर येतो."

रविवारी येन्साप्पांनी स्वतः रांधलं. आदल्या दिवशी हौसाक्कांनी कुंपणावरून सगळं सांगितलं होतं: कांदा किती भाजायचा, खोबरं किती, पांढऱ्या रश्श्यात काय पडलं तर तो फाटतो. पण रविवारी सकाळपासून कुंपणाच्या पलीकडून आवाज आला नाही. हौसाक्कांचे दीर-पुतणे त्यांना समजावून गेले होते, असं नंतर कळलं. दस्तगीरचाचांनी बकरं कापून दिलं आणि हात धुऊन निघाले, तर येन्साप्पांनी त्यांना धरून बसवलं. "वाटा घरी न्हाई पाठवनार. हितं बस."

बारा वाजले. गोल पत्रावळी मांडलेल्या, पाण्याचे तांबे भरलेले. चाचा एका बाजूला टोपी सावरत बसलेले. कांबळे, त्यांची बायको आणि मुलगी आली. धुतलेले, इस्त्रीचे कपडे. मी आणि आमच्या सौभाग्यवती होतो. आणखी कोणी नव्हतं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मात्र प्रत्येक दारात माणूस उभा होता. पहिलं कोण जातंय ते सगळे बघत होते. एकमेकांना म्हणत होते, "व्हा की पुढं, मी आलोच." रश्श्यावर तुपासारखा थर धरायला लागला. येन्साप्पा चुलीपाशी पळी धरून उभे होते. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा असा मी पाहिला नव्हता. दार लावून घेतल्यासारखा. चाचा हळूच म्हणाले, "साहेब, वाढून घ्या. पोरगीला भूक लागली असंल."

तेवढ्यात कुंपणापलीकडून हौसाक्का कडाडल्या. दिराचं ऐकून गप्प राहायचं त्यांनी सकाळपासून जमवलं होतं, पण बारा वाजून गेल्यावर रस्सा गार होताना बघणं त्यांना जमलं नाही.

"अरं बाबा, बोलवायला कोण गेलंय?"

"मी सोमवारी गेलतो, आक्का. सगळ्यांच्यात."

"सोमवारचं ते आवतान. पान वाढल्यावर परत बोलवायला जावं लागतं! चला म्हणून! बिनबोलावता कोण येतंय? तुला येत व्हतं न्हवं दरसाल कुणीतरी धरून न्यायला?"

खरं होतं. पान मांडलं की घरातला माणूस दारोदार जाऊन 'चला जेवायला' म्हणतो. त्याशिवाय पहिलं आमंत्रण पुरं होत नाही. येन्साप्पांना दरवर्षी हाताला धरून नेलं जायचं, आणि ती त्यांच्यावरची खास माया आहे असं ते धरून चालले होते. ती पद्धत होती. आणि बोलावणं आलं नाही, म्हणून गेलो नाही, असं म्हणायची सोय सगळ्या पेठेला त्या एका चुकीनं करून दिली होती.

येन्साप्पा पळी तशीच हातात घेऊन रस्त्यावर आले. पहिल्या दारापाशी जाऊन हौसाक्कांच्याच आवाजात ओरडले, "चल की रं! पान वाढलंय! रस्सा निवतोय न्हवं!"

आता सोय संपली. पान वाढल्यावर दारात येऊन हाक मारली आणि गेलं नाही, तर तो यजमानाचा उघड अपमान, आणि तो सगळ्या गल्लीसमोर करायचा म्हणजे छाती लागते. पहिल्या दारातला माणूस चप्पल शोधायला लागला. दुसऱ्या दारातला म्हणाला, "आज आयतवार. जोतिबाचा वार. आमच्यात खात न्हाईत."

अंगणातून दस्तगीरचाचा बसल्या जागेवरून म्हणाले, "गेल्या आयतवारी माझ्याकडनं मटणाची चाप घेऊन गेलतास की."

तो माणूस आला. काही आले, काही आत जाऊन दार लावून बसले. काहींच्या घरात अचानक ताप निघाला. किती आले ते मी मोजलं नाही. गोल भरला नाही, पण मघाशी सगळा रिकामा दिसत होता, तो आता मधेमधे रिकामा दिसायला लागला. आलेले लोक बसताना जागा निवडू लागले, कोणाच्या शेजारी पडायचं याचा अंदाज घेत. पण गोलात कुठंही बसलं तरी समोर कोणी तरी येतंच.

सगळ्यांत शेवटी हौसाक्का कुंपणाचा दांडा सरकवून आत आल्या. आधी चुलीपाशी गेल्या, बोट बुडवून चाखलं. "मीठ? मीठ काय डेन्मार्कास्नं यायचंय?" मीठ घातलं, ढवळलं. मग कांबळ्यांच्या बायकोशेजारी जाऊन बसल्या. रस्त्याकडं पाठ करून बसल्या, म्हणजे कोण बघतंय ते बघायला नको. "वाढ रं आप्पा. नुसतं उभं काय ऱ्हायलायस?"

कांबळ्यांची बायको अंग चोरून सरकायला लागली. हौसाक्का म्हणाल्या, "बस गं. मला जागा लागती, पर इतकी न्हाई."

मग भाऊसाहेब आले. कोट घालून आले आणि फाटकात उभे राहिले. त्यांच्या पायाला सांधेदुखी होती, पथ्यही होतं. पण अध्यक्ष म्हणून चार शब्द बोलणं त्यांना भाग होतं. आज आपण इथं एका महान परंपरेचं दर्शन घेत आहोत, अशी त्यांनी सुरुवात केली.

"भाऊसाहेब," हौसाक्का मागं न बघता म्हणाल्या, "बसायचं तर बसा, न्हाईतर बाजूला व्हा. वारं अडतंय."

भाऊसाहेब बाजूला झाले. येन्साप्पांनी त्यांना खुर्ची आणून देऊ केली. ते म्हणाले, "पुन्हा कधीतरी," आणि गेले.

येन्साप्पा वाढत राहिले. "घे की, घे की, एवढ्यानं काय हुतंय" म्हणत नको म्हणणाऱ्याच्या पत्रावळीत रस्सा ओतत राहिले. पांढरा रस्सा थोडा फाटला होता. कुणी बोललं नाही. पाहुण्याला कसं बोलायचं?

त्यानंतर ते गडावर फार दिवस राहिले नाहीत. जायच्या सकाळी जीप चौकात उभी होती, सामान वर बांधलेलं. निरोपाला बरीच माणसं जमली होती. भाऊसाहेबांनी हार आणला होता. हार घालून झाला, तसा गर्दीतला एक जण म्हणाला, "आप्पा, सगळं झ्याक झालंतं त्या दिवशी, पर पांढरा रस्सा बिघडलाता."

येन्साप्पा जीपच्या पायरीवरून परत खाली उतरले. "काय चुकलं?"

झालं. सगळे एकदम बोलायला लागले. खसखस जास्त झालती. न्हाई, जाळ जास्त. मटण निबार होतं, चाचानं फसवलं. चाचा म्हणाले, तुझ्या बापानं कधी निबार खाल्लंय का माझ्याकडचं. कुणी म्हणालं, तांबड्यात तिखट बेतानं, पोरांसाठी घालतात तसं. येन्साप्पा एकेकाकडं वळून लक्षपूर्वक ऐकत होते, मान हलवत होते, त्यांची मिशी हसत होती. इतकी वर्षं गडावर राहून, हौसाक्का सोडल्या तर, त्यांच्या कुठल्याही गोष्टीला नावं ठेवायचं धाडस कुणी केलं नव्हतं. मी जरा नीट बघितलं. सगळ्यांत मोठ्यानं चुका सांगणाऱ्यांत त्या दिवशी दार लावून बसलेलेही होते. जोतिबाच्या वारवाला तर खसखशीचं प्रमाण सांगत होता.

भाऊसाहेबांनाही मागं राहवेना. पुढं होऊन म्हणाले, "माझं स्पष्ट मत विचाराल तर मीठ कमी होतं. मला पहिल्याच घासाला जाणवलं."

कांबळे वाकून जीपचं चाक तपासायला लागले. हौसाक्कांनी पदर तोंडाला लावला. भाऊसाहेबांच्याही लक्षात आलं असावं, कारण ते घाईनं म्हणाले, "म्हणजे, मी आलो होतो त्या दिवशी."

"आलतास की, भाऊसाहेब," येन्साप्पा म्हणाले. गोठ्यातल्या त्यांच्या मराठीत, हार गळ्यात घालून, अगदी मायेनं. "दारापर्यंत."

पहिल्यांदा दस्तगीरचाचा हसले. मग हौसाक्का, मग सगळा चौक. भाऊसाहेबही हसले, सगळ्यांच्या मागून. येन्साप्पा जीपमध्ये चढले आणि गाडी हलल्यावरही मागं वळून विचारत राहिले, खसखस नेमकी कधी घालायची. चालत्या जीपमागं धावत लोक त्यांना वेगवेगळी उत्तरं देत होते.